वाटायचे कपडे

सोफ्यावर जुन्या कपड्यांचा ढीग पडला होता आणि तुळजाबाईचं डोकं सकाळपासून तापलं होतं. उद्या आख्खं घर ताडोबाला वाघ बघायला निघणार होतं. वाघाबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती सुनेनं भरायला घेतलेल्या गोणीबद्दल.

सून राजनंदिनी मनानं वाईट नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. जंगलसफारीला जाताना तिथल्या गावकऱ्यांसाठी विचार करून काही भेट न्यावी, असं तिनं फोनवर वाचलं होतं. त्यातलं ‘भेट’ तेवढं तिच्या लक्षात राहिलं आणि ‘विचार करून’ निसटलं. तिनं कॉलनीतल्या बायकांना निरोप धाडला आणि दोन दिवसांत घराचं बोहारणीचं दुकान झालं. चेन तुटलेल्या पँट, काखेत उसवलेले कुर्ते, एक झबलं, त्यावर वरणाचा डाग तसाच. शेजारच्या वकिलीणबाईंनी तर नवऱ्याचे जुने बनियन पाठवले होते. दुसऱ्याच्या गावात पाहुणे म्हणून जायचं आणि त्यांच्या हातावर वापरलेलं बनियन ठेवायचं, ही कुठली रीत?

“आत्या, तिथं तुमच्याच हातून वाटू,” राजनंदिनी घड्या घालता घालता म्हणाली. “तुम्ही गरिबी बघितलीय. आपल्या सायलीला शेजारी उभं करू, तिलाही वळण लागेल. फोटो पण छान येईल.”

तुळजाबाईनं गरिबी बघितली होती म्हणजे काय, तीस वर्षं तिच्याशी संसार केला होता. दिवाळी झाली की वडवणीकडचं गाव सोडायचं आणि नवऱ्याबरोबर परजिल्ह्यात ऊस तोडायला जायचं. आदिनाथ तिथल्याच तळावर, उसाच्या पाचटाच्या झोपडीवजा कोपीत जन्मला. आता त्याचं बीडला टायरचं मोठं दुकान होतं, दारात गाडी होती, आणि तुळजाबाईला त्याचा अभिमानच होता. पण आठ वर्षांची नात सायली कुणाच्या तरी लेकरापुढं ते डागाळलेलं झबलं धरून हसत उभी राहणार, हे काही तिच्या गळ्याखाली उतरेना. काय वाटेल ते होवो, ही गोणी गाडीत चढू द्यायची नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

दुपारी आदिनाथ जेवायला आला. तो ताटावर बसताच तिनं विषय काढला.

“ही गोणी न्यायची न्हाई.”

“कावून गं माय? कुणाच्या तरी उपयोगाला येतील.”

“तू त्यांना इचारलंस का, काय लागतंय म्हून?”

“त्यांना काय विचारायचं? आपण देतोय, मागत तर नाही ना?”

“सोयऱ्याच्या घरी लगीन असलं की आधी फोन करतूस. साडी आणू का भांडं आणू, समदं इचारतूस. मग ह्यांनाच कावून न्हाई? तिथल्याच गावच्या त्या गाईडचा नंबर हाय न्हवं? लाव त्याला.”

“तो काय आपला सोयरा हाय?” आदिनाथ हसला.

तो हसला आणि तुळजाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“आपण नाही का घेतले असे कपडे?” तो पुढं म्हणाला. “कपडे वाटणाऱ्यांची जीप यायची तळावर. मला निळं स्वेटर मिळालं होतं. लई ऊब होती त्याला. काय बिघडलं आपलं?”

तुळजाबाई त्याच्या समोर खाली बसली. जे कुणाला, नवऱ्यालाही, कधी सांगितलं नव्हतं ते ती भडाभडा बोलून गेली.

“तू घेत न्हवतास ते. पाच वर्साचा हुतास. हात पाठीमागं बांधून हुबा राहिलास. मला नको, माझ्या अंगात सदरा हाय, म्हणलास. जीपमधल्या त्या बाईला फोटू काढायचा हुता, ती खोळंबली. मुकादम माझ्याकडं डोळं वटारून बघाया लागला. मग म्या तुला मारलं. हात पुढं करीस्तोवर मारलं. तवा कुठं त्यांचा फोटू झाला.”

आदिनाथचा घास हातातच राहिला. राजनंदिनी घडी घालायची थांबली. तुळजाबाईला लेकाचा राग आला होता, सुनेचा आला होता, त्या जीपवाल्या बाईचा तर आजही येत होता, पण सगळ्यांत जास्त स्वतःच्या हाताचा येत होता.

“तुला ऊब आठवती. मला ते मारणं आठवतंय,” ती म्हणाली. “न्यायची तर ने गोणी. पर तुझ्या फोटूपायी तिकडं कोणती माय आपल्या लेकराला मारंल, तेवढं बघून ये.”

आदिनाथनं ताट बाजूला सारलं, हात धुतला, गोणी ओढत नेऊन मागच्या खोलीत टाकली आणि फोन उचलला. गाईडचा नंबर लावून तो उभा राहिला. पलीकडं रिंग वाजत होती.

“मलाबी ते मारणं आठवतं, माय,” तो तिच्याकडं न बघता म्हणाला. “आजपतूर मला वाटायचं, म्या कायतरी चोरलं असंल.”

“न्हाई रे बाबा,” तुळजाबाई म्हणाली. “तू नको म्हणला हुतास, येवढंच.”

गाईडनं फोन उचलला होता. तो पलीकडून “बोला साहेब, बोला” म्हणत राहिला, आणि आदिनाथला काही केल्या शब्द फुटेना.