वरचा आकडा

आमच्या स्वातीचं, म्हणजे नातीचं, लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. लग्नाला नऊ दिवस उरले होते आणि माझी बायको लाडकी पालघरला दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर अंग चोरून बसली होती.

"माप मेल्याचं घेतात. मी जिती हाय."

डॉक्टरीण उत्कर्षाबाई मोजपट्टी धरून थांबल्या. "आजी, नाकाच्या रुंदीवरून पुढचे दात केवढे लावायचे ते कळतं. हसतानाचा जुना फोटो आहे का?"

फोटो कुठला! आधार कार्डावर तोंड मिटलेलं.

लाडकी धवलेरी. आम्हा वारल्यांत लग्न लावते ती धवलेरी, गाणी म्हणून. दात पडल्यापासून तिचे शब्द नुसते हवेत जात. नातीचं लग्न परकीनं लावायचं?

"आधी माझं घ्या," मी म्हणालो.

"मरायची घाई झाली काय रं तुला?"

बाईंनी माझं नाक मोजलं. "बेचाळीस. आजोबा, माझे हात गुंतलेत, लिहाल?"

मी चिठ्ठीवर लिहिलं. तारापूरच्या कॉलनीत माळीकाम करताना पन्नाशीत आकडे शिकलो होतो.

"बघ, मेलो काय?"

लाडकीनं डोळे मिटले. "चौतीस," बाई म्हणाल्या. तेही खाली लिहिलं. नावं लिहायचं सुचलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी कवळी आली. ती लाडकीच्या तोंडात बसवताच बाईंचा चेहरा उतरला. दात ओठांत मावेनात. त्यांनी चिठ्ठी काढली. "आजोबा, वरचा आकडा कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो.

"मीच विचारायला हवं होतं. बदलून देते, पण आठ दिवस लागतील."

"उद्या मांडव हाय," लाडकी म्हणाली आणि उठली.

मांडवात शेजारची गोदूबाई ओरडली, "लाडके, दात कुनाचं गो? घोडीचं?"

"नवऱ्याचं!"

मांडव हसला. मी मेढीच्या खांबाला टेकून ऐकत होतो. 'स' आला की शीळ वाजे. पण शब्द एकही पडला नाही. स्वातीचं लग्न लाडकीनंच लावलं.

नंतर दोनदा म्हटलं, चल, बदलून आणू.

"नको. तुझं माप माझ्या तोंडात हाय. मरन माप शोधीत आलं, तं त्याला तू गावायचा नाय."

पुढच्या वर्षी भावकीतला भिका तिच्या तिरडीचे बांबू तोडायला निघाला, तेव्हा मापाची दोरी मीच धरली.

लाडकी सोमवारी, १९ फेब्रुवारी २०२४ ला सकाळी वारली. दात तोंडातच होते.