मांडवात घुमलेला पिवळा डबा

मी एक जुना पिवळा डबा आहे, मित्रांनो. तळहातावर मावेन एवढाच. वर पायाने दाबायचे एक बटण आहे आणि फिरवायच्या खुंट्या आहेत. दुकानात मला फझ पेडल म्हणतात. बेस गिटारची वायर माझ्या एका अंगाने आत येते आणि दुसऱ्या अंगाने निघून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. बटण दाबले की त्या जाड तारांचा गुळगुळीत सूर मी खरखरीत करतो. कापसाच्या जिनिंगचे यंत्र लांबून ऐकले आहे ना? तसा. ते माझे काम. पण मला एक खोडही आहे. विजेत काही बिघडले असले की मी घुमतो. मला त्या घुमण्याबद्दलच सांगायचे आहे.

मला नीलेशने बनवले. वर्ध्याला त्याचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचे दुकान होते. मोडक्या रेडिओतले सुटे भाग जोडून तो माझ्यासारखे डबे तयार करी. एका दुपारी तिथे सुरभी मडावी आली. ती आष्टीकडची. एका ऑर्केस्ट्रात ती बेस वाजवायची आणि तिचे वडील ढोल. वडिलांना सगळे बापूजी म्हणत.

नीलेशने तिच्यापुढे काही डबे मांडले. एक डबा जोरदार होता, पण खालचा सूरच गिळून टाकी; नुसती चिरचिर उरे. सुरभी थोडा वेळ वाजवून थांबली.

"एकटं वाजवून काय समजते, भाऊ? ढोलासंगं वाजवून पाहू द्या," ती म्हणाली.

बापूजींनी बाहेर उभ्या गाडीतून ढोल आणला. ढोल सुरू होताच दुसऱ्या एका गोड आवाजाच्या डब्याचा सूर कुठल्या कुठे बुडाला. मग माझी पाळी आली. बापूजींनी डोळे मिटले आणि मान हलवली. "याचं बूड सुटत नाई. हाच घे."

नीलेशने मला तिच्या हाती दिले. "घे, पण एक ध्यानात ठेवजो. अर्थिंग नसली का हा आधी बोंबलते. तवा याले शिव्या नको देजो, वायर पाह्यजो."

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे होती. केळझरच्या बाजूचे लग्नाचे लॉन, जामच्या हायवेवरची उद्घाटने, गावोगावचे मांडव मी पाहिले. सुरभीचा पाय माझ्यावर पडला की समोरची माणसे वळून बघत. कुठे मी घुमलो तर ती वाजवणे थांबवून वायर तपासायची आणि दुसऱ्या बोर्डावर लावायची. मग मी गप्प होई.

याचा कंटाळा घनश्यामदादाला आला. ऑर्केस्ट्रा त्याचा होता. तो कीबोर्ड वाजवायचा आणि गायचाही. मनाचा वाईट नव्हता. सुरभी नवखी असताना त्यानेच तिला सगळी गाणी बसवून दिली होती. पण लोक मोबाईलवर कार्यक्रम टिपू लागले आणि तो प्रत्येक व्हिडिओ पुन्हा पुन्हा ऐकू लागला.

"सुरभी, गाण्याच्या आधी तुह्या डब्याची घरघरच ऐकू येते. लोक हासून राह्यले," तो म्हणाला आणि तिच्या हातात एक नवा काळा डबा ठेवला. "याच्यात गुणगुण दाबायची सोय आहे. वाजवशील तवाच वाजते. नाई त चूप."

खोटे कशाला बोलू, काळ्या डब्याचा आवाज छान होता. त्याचेही बूड पक्के होते. सुरभीने तो घेतला, पण मलाही पिशवीत राहू दिले. कार्यक्रम होत, टाळ्या पडत, आणि मी अंधारात सुट्या तारांच्या वेटोळ्याखाली पडून असे. वर काय चालले आहे ते मला कळत नसे. पण काळा डबा कुठे कुठे काय दाबून टाकत असेल, या विचाराने मला कसेसेच होई.

मग समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावी नवरात्राचा कार्यक्रम ठरला. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. मांडवाखालची माती पायाला चिकटत होती. वर आभाळ भरलेले, हवा कोंडलेली. मांडव, लाइट, वायरी असे सगळे मंडप भाड्याने देणाऱ्या भैय्याजींचे होते. त्यांच्या वायरींना जागोजाग काळी पट्टी गुंडाळलेली होती. अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेल्या वायरीच्या प्लगचा तिसरा, अर्थिंगचा पाय तुटलेला होता.

ते तुटके पाहून की काय कोण जाणे, संध्याकाळी आवाज तपासताना सुरभीने पिशवीतून मला काढले. वायर लावताच मी घुमलो. मित्रांनो, असा मी पूर्वी कधीच घुमलो नव्हतो. लाकडी मंच थरथरला. प्रसादाची तयारी करणाऱ्या बायांनी कानांवर हात ठेवले.

"बंद कर ते," घनश्यामदादा म्हणाला.

"दादा, काहीतरी गडबड आहे. तारांले हात लावला का मुंग्या येऊन राह्यल्या."

"घामानं होते तसं," भैय्याजी खुर्चीवरूनच म्हणाले. "डब्बाच खराब आहे तुहा. माह्या वायरीवर बाकीचं सारं मस्त चालू आहे ना?"

"तरी एकदा पाह्यता का, भैय्याजी?"

"आता वायर काढली त सारे लाइट जातीन. आरतीचा टाइम होऊन राह्यला."

सुरभीने मला बाजूला ठेवले आणि काळा डबा लावला. मांडव एकदम शांत झाला. सगळ्यांना बरे वाटले. मला त्या शांततेची भीती वाटली. वीज होती तिथेच होती. फक्त तिचा आवाज गेला होता.

सुरभीच्या पायात रबरी चपला होत्या आणि हात फक्त तारांवर होता, म्हणून ती वाचत होती. घनश्यामदादा हातात माईक घेऊन तिच्याकडे आला. माईकची वायर दुसऱ्या, अर्थिंग असलेल्या लाइनवर होती.

"इथून सुरू कर," असे म्हणत सूर दाखवायला त्याने मोकळ्या हाताने तिच्या गिटारच्या तारा धरल्या.

तो ओरडला नाही. त्याला ओरडताच आले नाही. तोंड उघडे राहिले, मान मागे गेली, आणि दोन्ही हातांच्या मुठी आणखी घट्ट झाल्या. सुरभीने गळ्यातला पट्टा काढून गिटार टाकली, पण ती खाली पडेना. त्याच्या मुठीत लोंबकळत राहिली. सुरभी त्याला धरायला धावली.

"हात नको लावजो!" बापूजी गरजले. त्यांनी ढोलाच्या लाकडी काठीने घनश्यामच्या मनगटावर फटका मारला, मग आणखी एक. माईक सुटला. घनश्याम मंचावर कोसळला. तेव्हा कुठे भैय्याजी मेन बंद करायला पळाले.

घनश्यामदादा वाचला. पण डाव्या हाताची बोटे पुन्हा वळली नाहीत. आता तो बसून गातो आणि कीबोर्ड दुसरे कोणी वाजवते. दवाखान्यातून आल्यावर त्याने पहिल्यांदा त्या वायरीची चौकशी केली. सुरभीने भैय्याजींना फोन लावला.

"ते त गेली लग्नाच्या मांडवात," भैय्याजी म्हणाले. "सीझन आहे ना. कोणाकडं गेली ते पोरं जाणे."

सुरभीने खूप शोध घेतला. वायर काही सापडली नाही. हल्ली ती कुठल्याही मांडवात गेली की सगळ्यांत आधी मलाच जोडते आणि मी घुमत नाही हे पाहीपर्यंत इतरांना मंचावर चढू देत नाही. काळा डबाही ती वापरते, पण माझ्यानंतर.

मित्रांनो, ती वायर आज कोणाच्या अंगणात पसरली असेल मला ठाऊक नाही. तिच्यावर कदाचित झेंडूच्या माळा सोडल्या असतील, शेजारी लहान मुले खेळत असतील. तुमच्या गावात मांडव उभारला आणि एखादे यंत्र उगाच घुमू लागले, तर त्याचे तोंड दाबण्याची घाई करू नका. मोठ्या माणसांना हाक मारा, मेन बंद करायला लावा, आणि वायर पाहिल्याशिवाय कोणाला कशालाही हात लावू देऊ नका.