दुसरी टिचकी

ह्यांना शोधायला त्या दिवशी बारा माणसं बाहेर पडली. मी घरात बसले, कारण माझ्या गुडघ्यांना जिना मान्य नाही. हे म्हणजे माझे यजमान. पाणीखात्यात तीस वर्षं चावीवाले होते. रस्त्यातल्या खड्ड्यात उतरायचं, लांब लोखंडी चावी फिरवायची आणि कुठल्या गल्लीला कधी पाणी मिळेल ते ठरवायचं. मोठमोठ्या बंगल्यातल्या बायका ह्यांना वाकून नमस्कार करायच्या, मी पाहिलंय. दोन वर्षांपासून मात्र सगळं विसरायला लागलेत. नातवंडांची नावं गेली, माझंही अधूनमधून जातं. फक्त कुठल्या वळणाखाली कुठली नळी ते अजून पक्कं आहे.

सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर दार सताड उघडं. चपला गायब, स्वेटर खुंटीला तसाच. दिवस असे थंडीचे, की सूर्य मावळला की बादलीतल्या पाण्यात हात घालवत नव्हता. डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, ऊन आहे तोवर सापडले पाहिजेत, ह्या वयाला बाहेरची रात्र झेपायची नाही.

माझी धाकटी सून कुरियरवाल्यांसाठी नकाशे बनवते. म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून गावभर फिरते. हे मी तिला तोंडावर म्हटलेलं आहे, मागून बोलायची मला सवय नाही. पण त्या दिवशी तिनं अर्ध्या तासात अख्ख्या गावाचा नकाशा चौकटी पाडून सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर आपला कॉम्प्युटर उघडून ठेवला. जी चौकट शोधून झाली तिच्यावर एक टिचकी मारायची, की ती सगळ्यांकडे हिरवी होते. दोन टिचक्या पटकन मारल्या तर रंग बदलत नाही, नकाशा जवळ येतो आणि घरांची छपरंसुद्धा दिसतात. हिरव्या चौकटीत पुन्हा कोणी जायचं नाही, वेळ फुकट जातो. मला म्हणाली, आई, तुम्ही नुसतं बघत बसा, हात लावू नका.

माझ्या घरात, माझ्या टेबलावर. मी मान हलवली, पण ऐकलं असं नाही.

ती पोलिसांशी बोलायला गॅलरीत गेली. मी चष्मा पुसला आणि जुनं पंपघर शोधलं. गावाच्या टोकाला आहे, बंद पडून बरीच वर्षं झाली. आत पुरुषभर खोल खड्डे, आणि त्यांची लोखंडी झाकणं केव्हाच चोरीला गेलेली. हे नोकरीत असताना तिथंच सर्वांत जास्त राबले. तिथं कोणाला तरी पाठवा असं सांगायला मी तोंड उघडणार होते. पण अभद्र बोललं की खरं होतं म्हणतात. म्हटलं आधी आपणच जवळून बघू. माउसवर बोट ठेवलं आणि दोन टिचक्या मारल्या. माझ्या बोटांचे सांधे आखडलेत, पण मी पटकनच मारल्या, माझ्या हिशेबानं.

नकाशा जवळ आला नाही. चौकट तेवढी माझ्यासमोर हिरवी झाली.

माझ्या जिवात जीव आला. सकाळपासून चौकटी अशा आपोआप हिरव्या होतच होत्या, कधी बाजाराजवळची, कधी शाळेमागची. म्हटलं, कोणीतरी नेमकं आत्ताच पंपघरात पोचलं, खड्डे पाहिले, हे तिथं नाहीत. मग सांगायचं कारणच उरलं नाही.

मग कालव्याचा बांध पाहिला. तोही हिरवा झाला. फुटकी टाकी पाहिली, मग रेल्वेचा बोगदा, मग वीटभट्टीमागची विहीर. ज्या ज्या जागेची मला धास्ती होती तिथं तिथं मी बोट नेलं, आणि दर वेळी तेवढ्यात कोणीतरी तिथं पोचलेलं. खोटं कशाला बोलू, मला त्याचं नवलही वाटलं नाही. ह्या घरात मी नजर टाकली की काम होतं, लग्न झाल्यापासूनचं आहे ते.

चार वाजता थोरला मुलगा पाणी प्यायला घरी आला. चेहरा काळवंडलेला, पायात काटे. मी त्याला सहज विचारलं, पंपघरात कोण गेलं होतं रे. तो म्हणाला गेलं असेल कोणीतरी, मी दहा वाजता फाटकापर्यंत गेलो होतो, पण चौकट हिरवी दिसली म्हणून तिथूनच फिरलो. शेजारचा बेकरीवाला कालव्याच्या बाजूला होता. त्याला फोन लावायला सांगितला. तोही तेच म्हणाला. बांधावर जाणारच होतो, तोवर हिरवं झालं.

थोरला पुन्हा निघून गेला. मी टेबलाशी बसले आणि माउस पुन्हा हातात घेतला.

नकाशात वरच्या कोपऱ्यात मोठं तळं आहे. त्याच्या मधोमध एक चौकट होती, चारी बाजूंनी निळी. तिथं पोहणारासुद्धा जायचा नाही. मी बोट ठेवलं. देवा, ही हिरवी होऊ देऊ नकोस, असं म्हणत दोन टिचक्या मारल्या.

हिरवी झाली.

भिंतीवर ऊन वर वर सरकत होतं. आत्ता सांगितलं तर सून काय म्हणेल, थोरल्याला काय वाटेल, शेजारी काय म्हणतील, हे सगळं माझ्या मनात आलं. आलं हे लपवत नाही. मी एवढा वेळ उगीच बसून राहिले की घड्याळाचा काटा माझ्या डोळ्यांदेखत हलला. मग मी सुनेला हाक मारली.

"मी हात लावलाय," मी म्हटलं. "पंपघर कोणी पाहिलेलं नाही. मी हिरवं केलंय."

तिनं लगेच कॉम्प्युटर ओढून घेतला, कसली तरी यादी उघडली. कुठली चौकट कोणी आणि कधी हिरवी केली ते सगळं त्यात होतं. सहा चौकटींपुढे आमच्या घराचंच नाव. पंपघरापुढे सकाळची नऊ वाजून दहा मिनिटं.

"तुमची दुसरी टिचकी उशिरा पडते," ती म्हणाली. "पहिलीनंतर नकाशा पाव सेकंद वाट बघतो. दुसरी आली नाही तर त्याला वाटतं, एकच होती."

"एवढीच वाट?"

"एवढीच ठेवली मी." चौकटी पुसता पुसता ती थोरल्याला फोन लावत होती. "आई, सहांतली आधी कुठली बघायला सांगू?"

"पंपघर. सगळ्यात आधी तेच."

मग आम्ही दोघी त्या टेबलाशी बसून राहिलो. खिडकीतून घरासमोरचा रस्ता दिसत होता, त्याच्यावरून ऊन निघून गेलं. दिवे लागले. तिनं माझ्या खांद्यावर शाल टाकली, मी ती काढून ठेवली. हे कुठंतरी स्वेटराशिवाय असताना मला ऊब नको होती. फोन वाजला तेव्हा ती उचलेना, म्हणून मी उचलला. पलीकडे थोरला नुसता रडत होता. मला वाटलं संपलं. मग तो म्हणाला, जिवंत आहेत. तिसऱ्या खड्ड्यात होते, पाय मोडलाय, ओठ निळे पडलेत, पण हात धरला तर धरून ठेवतायत.

दवाखान्यात थोरला नकाशाला शिव्या घालायला लागला. सून म्हणाली, चूक माझी, म्हाताऱ्या बोटांचा विचार मी केला नव्हता. मी तिला तिथंच गप्प केलं. म्हटलं, माझ्या चुकीत वाटा मागू नकोस, आणि म्हातारं कोणाला म्हणतेस. नर्स हसली. आम्ही तिघंही हसलो, आणि तेवढ्यात हे बोलले.

"आले होते," हे म्हणाले. "फाटकापर्यंत. मी ओरडलो. परत गेले."

थोरल्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

ह्या गोष्टीला आता चार महिने झाले. ह्यांचा पाय जुळून आला, काठी घेऊन चालतात. माझं नाव अलीकडे रोजच विसरतात, सून कोण ते विचारतात, जेवलो का तेही विचारतात. तेवढी एक गोष्ट मात्र डोक्यातून गेली नाही. दुपारी आडवे झाले की छताकडे बघत म्हणतात, ते परत का गेले?

मी सांगते, माझ्यामुळे.

हे मान हलवतात, जणू कळलं. डोळे मिटतात. मी पांघरूण सारखं करते आणि तिथंच बसून राहते, कारण थोड्या वेळानं डोळे उघडणार आणि पुन्हा विचारणार आहेत.