भोकांचं कापड

मल्लेशमामांना माझी पीएचडी बुडवायची नव्हती. ते ती वाचवत होते, हाच सगळा घोटाळा.

आमच्या सोलापूरच्या प्रयोगशाळेत मी सुईतून विजेच्या जोरावर केसाहून कितीतरी बारीक धागे काढते. ते फिरत्या रुळावर बसत जातात आणि पातळ कापड तयार होतं. त्यात जिवंत पेशी वाढवून पुढेमागे जखमेवर लावायची कातडी करायची. पण पेशींना आत शिरायला भोकं हवीत. म्हणून धागे बसत असतानाच वरच्या चाळणीतून बारीक मीठ पडत राहतं. नंतर कापड पाण्यात ठेवलं की मीठ विरघळतं आणि भोकं उरतात.

तीनदा कापड केलं. तिन्ही वेळा पेशी वरच बसून राहिल्या. महेश्वर सर माझे मार्गदर्शक. त्यांनी बजावलं, चौथ्यांदा जमलं नाही तर विषय बदला. म्हणजे माझी चार वर्षं पाण्यात. मी दुष्काळी मंगळवेढ्याची, रडले नाही, मिठाला शिव्या दिल्या.

चौथ्या वेळीही नेहमीसारखं यंत्र मामांवर सोपवून सरांकडे निघाले. चष्मा विसरला म्हणून परतले, तर मामा यंत्र थांबवून चाळणीखाली पुठ्ठा सरकवत होते. मामा आमचे मदतनीस, चाळीस वर्षं माग चालवून इथं लागलेले.

"मॅडम, मिठानं कापडाला भोकं पडत्यात," ते म्हणाले. "एका भोकापायी कापडाचा आख्खा ताका परत येतो की. सर तुमाला बोलतील म्हनून दर बारीला झाकत होतो."

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग त्यांच्या तोंडाकडे बघून माझीच मला लाज वाटली. शेजारी बसवून सगळं समजावलं. मामांनी पुठ्ठा काढला. पुढचे सहा तास एकही धागा तुटू न देता रूळ त्यांनीच सांभाळला, पण मीठ पडू लागलं की भिंतीकडे तोंड करायचे.

दोन आठवड्यांनी पेशी पार तळापर्यंत पोचल्या. सर सूक्ष्मदर्शकावरून उठेचनात. इतकं सुंदर कापड कुणी केलं, त्यांनी विचारलं. मी अभिमानानं मामांकडे बोट केलं.

बाहेर कुणी ऐकू नये म्हणून मामांनी आधी दार लोटून घेतलं.

"न्हाय सर," ते हळूच म्हणाले, "मी निस्ता फरशी पुसतो."