बार्नीला खालचा चेंडू

बेसबॉलच्या हंगामाचा शेवटचा शनिवार. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं ऑगस्टातच मोडली होती, तरी मी बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलत होतो, कारण आमच्या क्लबात दुसरा झेलणारा नव्हता. आम्ही तळाला. जिंकून मिळणार काही नव्हतं, हरून जाणार काही नव्हतं. सगळ्यांना घरी जायचं होतं.

एक फटका हवा होता तो समोरच्या क्लबातल्या बार्नी किल्डफला. ओहायो नदीकाठच्या आमच्या लीगमध्ये तीन वर्षं फटक्यांत तोच पहिला. यंदा व्हीलिंग गावचा एक पोरगेला गडी त्याच्या बरोबरीला आला होता. बार्नीच्या मॅनेजरने त्याला तोंडावर सांगितलं होतं, "पहिला आलास तर पुढच्या वर्षी ये. दुसऱ्या नंबरचा छत्तिशीतला म्हातारा मला नको." नको म्हणजे परत लोखंडाच्या भट्टीवर. तिथे त्याचा भाऊ चाळिशीच्या आत खोकून खोकून मेला.

बार्नी आणि मी पूर्वी एकाच क्लबात होतो, बोर्डिंगातल्या एकाच पलंगावर झोपायचो. त्याचं घोरणं मला पाठ आहे, तसाच खेळही. बॅट घेऊन उभं राहिलं की पंचाला सांगावं लागतं, चेंडू वर हवा की खाली, आणि पिचरने तो तिथेच टाकायचा. बार्नीने जन्मात कधी "वर"शिवाय काही मागितलं नव्हतं. आज तो म्हणाला, "खाली."

"का रे, कमरेला तेल लावून आलास वाटतं?" मी मागून टोमणा मारला.

"तू तुझी बोटं मोज, ओटो."

तीन वेळा आला, तिन्ही वेळा बाद झाला. तिसऱ्यांदा परत जाताना हळूच म्हणाला, "वरचा दिसत नाही रे आता. आभाळात विरघळतो. कुणाला बोलू नकोस."

मी कुणाला बोलणार?

नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात तो पुन्हा आला. दोनदा बॅट हवेतच फिरली, एक संधी उरली. आमचा पिचर स्लोकम कंटाळून माझ्या खुणेची वाट बघत होता. मी मुद्दाम संथ चेंडूची खूण केली. असला चेंडू माझ्या आजीनेही छत्रीने टोलवला असता.

"बार्नी, संथ येतोय. खाली, मधोमध. थांबून मार."

तो मागे न वळताच हसला. "बारा वर्षं ऐकतोय लेका तुझं."

त्याचं तरी काय चुकलं? झेलणाऱ्याचं निम्मं काम तोंडाचं. वेगाचा येणार असला की संथ सांगायचं, बुटाची नाडी सुटली म्हणायचं. एकदा तर ऐन फटक्याच्या वेळी मी बार्नीला त्याचं घर पेटल्याचं सांगितलं होतं.

"देवाशपथ, बार्नी," मी म्हणालो. हेही पूर्वी शंभरदा म्हणून झालं होतं.

स्लोकमने चेंडू सोडला. संथ, खाली, मधोमध. बार्नीने वेगाचा समजून बॅट आधीच फिरवली. चेंडू अजून वाटेतच होता. तो सावकाश आला आणि माझ्या मोडक्या बोटांनी तो नीट धरला. मेली सवय.

बार्नी बाद झाला. लोक उठून निघाले. बार्नी तसाच उभा.

"संथ होता," तो म्हणाला.

"सांगितलं होतं ना गाढवा!" मी ओरडलो. रडू येत होतं म्हणून ओरडलो.

तो माझ्याकडे बघत राहिला. राग नव्हता, नुसता थकला होता. "खरं सांगायचं होतं तर मैदानाबाहेर सांगायचंस. तिथे तुझा शब्द मी कधी टाळलाय? इथे मागे बसून कोण खरं बोलतं, ओटो?"

सोमवारी तो भट्टीवर गेला.