न शोभणारा शब्द

दवाखान्याच्या तळघरातला पंप सोमवारी सकाळीच बंद पडला. मोटार आणि पंप यांना जोडणाऱ्या कपलिंगमधलं रबर फाटलं होतं. नवं रबर हाताशी नव्हतं आणि चौथ्या मजल्यावरच्या बाळंतिणींना पाणी तर हवंच होतं. फिटरकाकांनी मागचापुढचा विचार न करता आपल्या चपलेचा तळ कापला, त्याचे तुकडे कपलिंगमध्ये ठोकून बसवले आणि पंप चालू केला. मग तसेच अनवाणी वर जाऊन नोंदवहीत लिहिलं, 'चपलेचा जुगाड. चार दिवस पुरेल. नवं रबर मागवा.'

नव्या व्यवस्थापक बाईंनी त्यावर लाल रेघ ओढली आणि वर सुबक अक्षरात लिहिलं, 'पर्यायी व्यवस्था कार्यान्वित.'

घरी काकूंना ते ऐकून कोण कौतुक वाटलं. "तुमच्या चपलेला केवढा हा मान!"

काकाही हसले. पण मंगळवारी रबर मागायला गेले, तेव्हा स्टोअरकीपरने नोंदवहीच पुढे केली. "व्यवस्था झालीय की, काका. आता कशाला हवंय?"

"अरे बाबा, व्यवस्था कुठली? जुगाड आहे तो!"

"मग तसं लिहायचं ना."

तेव्हापासून काकांच्या पायाला भिंगरी लागली. तासातासाला तळघर. घरी घास हातात धरून नुसते बसून राहायचे. काकू वैतागल्या, "जेवता आहात की पंप ऐकता आहात?"

शुक्रवारी त्यांची सुट्टी होती. दुपारपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला, मग चपला नसल्याने मुलाचे बूट घालून निघाले. तळघराच्या पायरीवरच जळक्या रबराचा वास आला. तसेच ते बाईंच्या खोलीत शिरले.

"बाई, माझा शब्द मला परत द्या."

"कुठला शब्द?"

"जुगाड."

"अहो काका, कागदावर शोभतो का तो?"

"नाही शोभत. म्हणून तर लिहिला! वाचणाऱ्याला लाज वाटावी आणि माल लवकर यावा. तुम्ही त्याला सूटबूट चढवलात, मग कोण कशाला घाई करेल?"

बाई उठून त्यांच्यामागे तळघरात आल्या. पंपाशी वाकल्या आणि नाकाला रुमाल लावला. खाली काळ्या भुग्याचा ढीग साचला होता.

वर येऊन त्यांनी स्वतःची ओळ खोडली, 'जुगाड' लिहिलं, खाली सही ठोकली. शिपायाला त्याच पावली बाजारात पिटाळलं. पाच वाजता रबर आलं, सव्वापाचला बसलं. काकांनी आठवड्यात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला आणि हात पुसत सांगायला वर गेले.

बाई नोंदवहीची जुनी पानं उलटत होत्या. "काका, अशा 'व्यवस्था' आपल्याकडे आणखी किती आहेत?"

काका दारातच घुटमळले. मग खुर्ची ओढून बसले.

"लिफ्टपासून सुरुवात करू?"