बाहेर पडा

"बाहेर पडा रे सगळ्यांनी!"

दुपारी चारच्या सुमाराला मिलिंद बनसोडेची ही आरोळी दूध संघाच्या कचेरीत घुमली, की कारकून हातातलं काम टाकून मुकाट उठत. संघाचा सगळा हिशेब मिलिंदनं कॉम्प्युटरवर, फॉक्सप्रो नावाच्या भाषेत बसवला होता आणि त्यातल्या फाइली रोज एकदा नीट लावाव्या लागत. ते चालू असताना एक जरी माणूस आपल्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडून बसला, तर सगळा घोळ. त्यातून वीज गेली तर विचारूच नका. म्हणून आरोळी. कचेरीत चहा करणाऱ्या राहीबाई आधण त्या आरोळीवरच ठेवायच्या. मॅनेजरच्या हुकमापेक्षा आरोळीला जास्त मान होता, कारण मॅनेजरच्या हुकमामागून चहा येत नसे.

आरोळी मागं, दुधाच्या गाड्या लागायच्या त्या धक्क्यावरही ऐकू जायची. तिथं मिलिंदचे वडील, केरूआबा, निवृत्त होईपर्यंत दुधाचे कॅन धूत होते. कचेरी तिथून चार पावलांवर, पण आबांनी तिच्या उंबऱ्याच्या आत कधी पाय टाकला नाही. अडवलं कुणीच नव्हतं. 'आत या' असंही कुणी म्हटलं नव्हतं. शाळेच्या दाराबाहेर बसून दोन यत्ता शिकलेला माणूस न बोलावता आत जात नाही, एवढंच.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मॅनेजर नानासोंनी मिलिंदला बोलावून घेतलं.

"चेअरमननी मोठा सर्व्हर घ्यायचं ठरवलंय बग. पुन्याची कंपनी म्हनती, प्रोग्राम बी आमचा आन मानसं बी आमची."

"मग मी?"

"तुला भांडारात बसवू की. सावलीतलं काम हाय."

भांडारात बसायचं म्हणजे कॉम्प्युटर सुटला. इंग्रजी पुस्तकाशी झटापट करून, एकट्यानं उभं केलेलं काम होतं ते. "दिवाळीपर्यंत थांबा साहेब," तो म्हणाला. "प्रोग्राम मीच करतो."

"आरं, तुला येतं त्ये फॉक्सप्रो. ह्ये निराळं हाय."

"शिकतो की."

नानासोंनी चेअरमनच्या कानावर घातलं आणि दिवाळीपर्यंतची सवड मिळवली. मग दर रविवारी पहाटेची एसटी धरून मिलिंद साताऱ्याला जाऊ लागला. पोवई नाक्याजवळच्या एका माडीवर क्लास होता. शिकवायला राजेश्वरी मॅडम, सांगलीच्या इंजिनियर, मिलिंदहून बऱ्याच लहान. बाकीची कॉलेजची पोरं त्याला काका म्हणत. काकांनी ते मनावर घेतलं नाही. स्क्रीन एका यंत्रावर, माहिती दुसऱ्यावर, आणि मधे नुसतं विचारणं-सांगणं, हे डोक्यात बसायलाच त्याला बराच वेळ लागला. एसटीत बसायला जागा मिळाली तर तो पुस्तक वाचायचा, नाही मिळाली तर दांड्याला लटकून मनातल्या मनात प्रोग्राम लिहायचा. कंडक्टरला वाटे, बिचारा कसलं तरी स्तोत्र म्हणतोय.

श्रावणात त्याचा प्रोग्राम तयार झाला. दिसायला देखणा होता. मॅडमनी तो चार कॉम्प्युटरवर एकदम लावला. पहिला झकास चालला. बाकीचे तीन मख्ख. बटण दाबा, माऊस हलवा, काही नाही. मिलिंद सवयीनं उठून ओरडला, "बाहेर पडा रे!"

पोरं खो खो हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसल्या.

"बनसोडे सर, स्क्रीन उघडल्या उघडल्या तुम्ही अख्ख्या टेबलाला कुलूप घालताय. मग दुसरा हात कसा लावणार?"

"फॉक्सप्रोत तसंच करायचो मॅडम."

"तिथं तुमचं काम व्हावं म्हणून सगळ्यांना बाहेर काढायचा. इथं सगळे आत असतानाच काम व्हायला पाहिजे. ज्या नोंदीला हात लावाल तेवढीच धरा, काम झालं की लगेच सोडा."

परतीच्या एसटीत त्यानं पुस्तक उघडलं नाही. इथं तिथं ठिगळ लावून भागणार नव्हतं, प्रोग्रामचा पायाच चुकला होता. घरी येऊन त्यानं जेवता जेवता आबांना सगळं सांगितलं. आबांना त्यातलं कुलूप तेवढं कळलं.

"म्हंजी आता तू वरडणार न्हाईस?"

"जमलं तर न्हाई वरडावं लागनार, आबा."

आबांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "खरं सांगू? तू हाळी दिलीस की ती समदी भाईर यायची, तवा धक्क्यावर मला लय ग्वाड वाटायचं. जल्मभर आमाला भाईर काढल्यालं, आन माज्या प्वाराच्या सबदाला…"

"तुमी कवा बोलला न्हाई."

"बोलायचं काय त्यात."

मिलिंदला फार वाईट वाटलं. आबांच्या वाट्याला आलेलं हे एवढंसं सुख, तेही आपल्याच हातानं पुसायचं. पण दुसऱ्या दिवशी त्यानं श्रावणातला प्रोग्राम बाजूला ठेवला आणि पहिल्या ओळीपासून नव्यानं लिहायला घेतलं.

दिवाळी तोंडावर आली, तेव्हा चेअरमनसमोर नवा प्रोग्राम चालवायचा दिवस ठरला. मिलिंदनं आबांनाही बोलावलं होतं. ते आले, पण नेहमीप्रमाणे चपला काढून दाराबाहेर उभे राहिले. आत सगळे कारकून आपापल्या कॉम्प्युटरवर एकदम कामाला बसले. दुधाच्या नोंदी चढल्या, वजावट झाली, बिलं निघाली. कुणाचं कुणामुळं अडलं नाही.

"मिलिंद, भांडारात दुसरा मानूस बघाय लागणार म्हन की," नानासो म्हणाले. चेअरमननी नुसती मान डोलावली.

तेवढ्यात चार वाजले. मिलिंद सवयीनं उठला आणि दाराकडे वळला. त्याला उठलेलं पाहताच आबा चटकन उंबऱ्यापासून मागं सरले आणि भिंतीला टेकून, बाहेर येणाऱ्यांसाठी वाट मोकळी करून उभे राहिले.

कुणीच बाहेर आलं नाही. आत बोटं चालूच होती.

आबांनी वाकून आत पाहिलं. मिलिंद दारातच उभा होता. आवाज त्यानं मोठा होऊ दिला नाही.

"आबा, आत या."

"आरं, कामं चालल्यात की समद्यांची."

"चालू द्या. आता कुणाला उठवावं लागत न्हाई."

आबांनी एकदा धोतराला हात पुसले, जणू आत्ताच कॅन धुऊन आले होते. मग उंबरा ओलांडला. मिलिंदनं स्वतःची खुर्ची त्यांच्यासाठी ओढली आणि आपण शेजारी उभा राहिला. आज आरोळी झाली नाही म्हणून राहीबाईंनी आधणच ठेवलं नव्हतं. खुर्चीत बसलेल्या केरूआबांना बघून त्या लगबगीनं चहा टाकायला गेल्या.